रिकाम्या पोटी

४ फेब्रुवारी

टाचणे,

आशीर्वाद घे, आणि अक्षराकडे बघू नकोस. आज तुझ्या आईचा राग तिच्या काना-मात्रांत उतरलाय. मी सांगते आणि ती लिहिते, कारण मला लिहिता येत नाही आणि तिला नाही म्हणता येत नाही.

(येतं. ऐकतं कोण? — आई)

फोन करत जा म्हणतेस. तो फोन कोपऱ्यावरच्या दुकानात. मी तो कानाला लावला की मागची सगळी रांग ऐकते, फक्त मला ऐकू येत नाही. पत्र बरं. निदान ते दोनदा वाचून घेता येतं.

लोण्याचा फोटो मिळाला. दीड वर्षाचं पोर, आणि रंग बघावा तर आत्ताच घुसळून वर काढल्यासारखा. बारशाआधीच मी नाव ठेवलं ते उगाच नाही. तुझी आई म्हणते, जरा जास्तच पांढरा दिसतोय. तिच्या माहेरी सगळे सावळे, तिला गोरेपण बघायची सवय नाही.

(हे मी लिहिणार नव्हते. त्या माझ्या पेनाकडे बघत बसल्या आहेत. — आई)

मशीन चालू असताना तो दिवसभर बाटली तोंडात धरून टेबलाखाली शहाण्यासारखा बसतो, हे ऐकून ऊर भरून आला. अगं, मी चाळीस वर्षं दारोदार दूध घातलं. तुझा बाप दुधावर वाढला, तू वाढलीस, आता हा. कापडावर खुणा करायचा तुझा खडू तो कुरतडून खातो म्हणतेस, तर खाऊ दे. मोठेपणी मास्तर होईल. घरात एक तरी शिकलेला हवा.

जावयाला सांग, बस सावकाश चालव. लांबच्या फेऱ्या करतो आणि घरी येतो तेव्हा पोर त्याला पाहुणा समजतं.

तुझी आजी

१९ फेब्रुवारी

आजी, आई,

आधी खाली बसा, मग वाचा. लोण्या बरा आहे. आत्ता माझ्या मांडीला टेकून झोपलाय. हे आधी लिहिलं म्हणजे पुढचं ऐकवेल.

सोमवारी सकाळपासून त्याचं अंग कोमट होतं. मला वाटलं दाढा येत असतील. शाळेच्या गणवेशांचं काम होतं, मी मशीन थांबवलं नाही. दुपारी टेबलाखालून त्याची बाटली घरंगळत माझ्या पायाशी आली. तो बाटली कधी सोडत नाही, म्हणून वाकून पाहिलं. डोळे वर फिरलेले. अंग लाकडासारखं ताठ. मग हातपाय झटके द्यायला लागले, ओठ निळे पडले. मी हाका मारत होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. कुठेच बघत नव्हता. शर्टाची बटणं सुटेनात, तर मोठी कात्री घेतली आणि गळ्यापासून खालपर्यंत शर्ट कापला. मीच शिवलेला होता. शेजारीण म्हणते दोन-तीन मिनिटंच चाललं. मला विचाराल तर अजून संपलेलं नाही.

रिक्षात तो झोपला आणि मला वाटलं, झोपला नाही. पुढचं लिहीत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शांत आहेत. म्हणाल्या, हे तापातले झटके. या वयात पुष्कळ मुलांना येतात, आणि बहुतेक मुलं पुढे ठणठणीत होतात. हे फेफरं नाही. पुन्हा झालं तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घट्ट धरून ठेवायचं नाही, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर तडक दवाखाना. त्यांनी रक्त तपासलं. लोह कमी निघालं आणि जस्तही कमी. म्हणाल्या, झटके येणाऱ्या मुलांमध्ये हे दोन्ही कमी असल्याचं बऱ्याचदा दिसतं. त्यामुळेच आला असं छातीठोक सांगता येत नाही, पण कमी आहे ते भरून काढायचंच.

मी विचारलं, पुन्हा येईल का? म्हणाल्या, तीन मुलांत एकाला येतो.

तेव्हापासून मी रस्त्यावरची मुलं तीन-तीन करून मोजतेय.

थेंब दिलेत, रिकाम्या पोटी द्यायचे. गंजलेला खिळा चोखल्यासारखी चव आहे, मी चाटून पाहिली. लोण्या तोंडात घेतो आणि माझ्यावर थुंकतो. काल अर्धी बाटली पडद्याच्या पांढऱ्या कापडावर गेली. काय करू सांगा.

टाचणी

२७ फेब्रुवारी

टाचणे,

तुझं पत्र ऐकलं. तुझी आई मध्येच थांबली, तेव्हा मी म्हटलं, वाच, मी बसलेय.

डॉक्टरीणबाईंना विचार, पोरात लोखंड आणि जस्त कमी पडत असेल तर गोठ्यातली जुनी बादली पाठवू का? तिच्यात दोन्ही आहे, आणि बूड गळकं असल्यामुळे मला तिचा उपयोग नाही.

(दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. बादलीचं आज सकाळी सुचलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं. — आई)

थुंकतो म्हणजे जिभेनं शाबूत आहे. त्याच्याशी कुस्ती खेळू नकोस. दुधात घाल. बाटलीत थेंब टाक, हलव, दे. त्याला पत्ताही लागणार नाही. आपल्या घरात जे जे कडू होतं ते दुधाबरोबरच गेलं. तुझ्या आजोबांची औषधं तशीच गेली, आणि माझ्या सासूचे टोमणेही मी तसेच गिळले. रिकाम्या पोटी द्यायचंय ना? मग सकाळी उठल्याबरोबर पहिल्याच बाटलीत घाल, त्याच्या पोटात दुसरं काही जायच्या आत.

आणि ती मुलं मोजणं बंद कर. लोकांची मुलं मोजू नयेत, आणि आपलं एकटंच असतं, त्याला मोजायला काय लागतं?

तुझी आजी

११ मार्च

आजी,

तुझी युक्ती चालली! एक थेंब वाया जात नाही. सकाळच्या पहिल्या बाटलीत घालते, गटागटा पितो, वर आणखी मागतो. मी पुन्हा मशीनवर बसायला लागलेय. टेबलाखाली उशी ठेवलीय आणि दर शिवणीनंतर वाकून त्याच्या कपाळाला हात लावते. शिलाई वाकडी जाते, जाऊ दे.

टाचणी

२ मे

आजी,

सगळं छान आहे. लोण्या धावायला लागलाय. पडद्यांचं मोठं काम मिळालं. तुझे गुडघे कसे आहेत? काळजी घे.

टाचणी

(दुसरा कागद)

आई, हे तुझ्यासाठी. आजीला वाचून दाखवू नकोस.

गुरुवारी पुन्हा आला. ताप चढलेला मला कळलाही नव्हता. सकाळी कपाळ गार होतं, मी दिवसभर वाकत होते, आणि तरी. या वेळी जास्त वेळ चालला. मी त्याला कुशीवर वळवलं, बाकी काही केलं नाही, करायचं नसतं. हात मांडीखाली दाबून बसले, कारण ते त्याला धरायला धावत होते.

रक्त पुन्हा तपासलं. दोन महिने औषध देऊन लोह होतं तिथेच आहे, उलट किंचित खालीच. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला पहिल्यांदा आठी पाहिली. त्यांनी विचारलं, औषध रोज देता ना? म्हटलं, हो. रिकाम्या पोटी? हो. खातो ना? म्हटलं, हो, सगळं थोडं थोडं खातो. मग म्हणाल्या, औषध पोटात जातंय आणि रक्तात दिसत नाही, म्हणजे आत कुठेतरी रक्त जात असेल किंवा आतड्याला ते घेता येत नसेल. मोठ्या दवाखान्यात दाखल करून पोटात नळी घालून बघावं लागेल. पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीय. भूल देणार आहेत. इतक्याशा पोराला भूल.

मी सह्या केल्या. यांना अजून धड सांगितलेलं नाही, ते फेरीवर आहेत. आई, मला फार भीती वाटते.

१० मे

टाचणे,

पाकिटात कागद दोन होते. मला अक्षर येत नाही, कान येतो. उलगडताना दोन कागद वाजले आणि वाचून झाला एकच, तोही माझ्या गुडघ्यांबद्दल. तू माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस तिथेच मला घाम फुटला.

तुझ्या आईला विचारलं, दुसरा कुठाय? म्हणाली, शिवणाचा नमुना आहे. म्हटलं, मग रडतेस कशाला, माप चुकलं का?

(मग सगळं वाचून दाखवलं. रागावू नकोस. — आई)

रागावण्याचं काम माझ्याकडे आहे, पण ते नंतर. आता ऐक, आणि यात विनोद शोधू नकोस.

माझ्याकडचं दूध नासलं की गिऱ्हाईक तणतणत यायचं. मी विचारायची, भांडं धुतलं होतं? हो. दूध तापवलं होतं? हो. झाकलं होतं? हो, हो, हो. सगळी खरं बोलणारी माणसं, आणि दूध तरी नासलेलं. पुढे पुढे मी तसं विचारणंच सोडलं. म्हणायची, चला, तुमच्या स्वयंपाकघरात जाऊ, काल काय केलंत तेच माझ्यासमोर करा. मग ती बाई दूध ओतायची आणि ढवळायला ओट्यावरचा चमचा घ्यायची. लिंबाच्या सरबताचा. तो चमचा तिनं सांगितला नव्हता, कारण चमचा म्हणजे काही तरी करणं, असं तिला वाटलंच नव्हतं.

तू तीनदा हो म्हणालीस. मला त्या तीन हो-मध्ये आपला चमचा दिसतोय. औषध दुधातून देतेस हे तू सांगितलंस का? खातो काय विचारलं तेव्हा दूध सांगितलंस का? नसणार. आपल्या घरात दूध कुणी सांगत नाही. पाहुणा आला, दोन पेले दूध प्यायला आणि निघाला, तर आपण म्हणतो, बिचारा काही न खाता गेला! तुझ्या रिकाम्या पोटात पाव लिटर दूध असतं, पोरी, आणि ते रिकामं आहे असं तुला मीच शिकवलंय.

दुधानं काय बिघडतं ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. माझा तर जीव म्हणतो, काहीच नसू दे. पण त्या बाईंना सगळं कळल्याशिवाय पोराच्या पोटात नळी जायची नाही. उद्या जा. बाटली, औषध, सगळं पिशवीत घालून ने आणि त्यांच्यासमोर रोजच्यासारखं करून दाखव. टेबलाखाली बसायला लागलं तरी बस. विचारलं कुणी सांगितलं, तर सांग, आजीनं. माझं नाव खराब होईल म्हणून गप्प बसलीस, तर मी स्वतः बस पकडून येईन, आणि वाटेत मला काही झालं तर ते तुझ्या डोक्यावर.

हे पत्र तुझी आई आत्ताच्या आत्ता टाकून येतेय. आणि येताना दुकानातून फोनही करणार आहे. रांग ऐकेल तर ऐकू दे.

तुझी आजी

२१ मे

आजी,

हे पूर्ण वाचून दाखवायचं आहे. आई, एक ओळ गाळू नकोस.

गेले. पिशवीतून सगळं काढलं. त्यांच्या टेबलावर दूध ओतलं, थेंब टाकले, हलवलं, लोण्यानं हात पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी बाटली मधल्यामध्ये अलगद काढून घेतली.

"रोज असंच?"

"हो."

"अशा बाटल्या किती होतात दिवसाला?"

मी बोटं मोजायला लागले आणि एक हात पुरेना. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. तर म्हणाल्या, "मी खातो काय विचारलं, पितो काय विचारलं नाही. चूक माझीही आहे."

मग नीट समजावलं. दूध वाईट नाही. पण दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि बाहेरून दिलेलं लोहही दूध धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. दोन महिने मी एका हातानं देत होते आणि दुसऱ्या हातानं काढून घेत होते. शिवाय पोट दिवसभर दुधानं भरलेलं, म्हणून तो बाकीचं फक्त चिवडतो. मग लोह कुठून येणार आणि जस्त तरी कुठून? खडू खातो हे आज सांगितलं तेव्हा त्यांनी डोळेच मिटले. ज्यांच्यात लोह कमी असतं ती मुलं माती, खडू, कागद असलं खातात म्हणे. आणि गोरा नाही तो, आजी. फिका आहे.

नळी सध्या नाही. आधी दूध दिवसाला दोन लहान कप, तेही बाटलीतून नाही आणि औषधाच्या आसपास नाही. औषध फळाच्या आंबट रसातून. अंडं, हिरवा पाला, जे खाईल ते. मग पुन्हा रक्त. तरीही नाही वाढलं, तर दाखल.

मी विचारलं, आकडे वर आले की झटके बंद होतील? म्हणाल्या, "असं वचन मी देऊ शकत नाही. ताप येईल तेव्हाच कळेल."

आता तो बाटलीसाठी टेबलाखाली डोकं आपटतो. मी वर मशीन चालवते, म्हणजे मला ऐकू येणार नाही. येतं.

आजी, तुझ्यावर राग नाही. युक्ती तुझी होती, पण मशीन थांबू नये म्हणून बाटली मीच देत होते.

टाचणी

३० मे

टाचणे,

तुझ्या आईनं पूर्ण वाचलं. मी कागद मोजून घेतले.

चाळीस वर्षं ज्याच्या जिवावर ताठ मानेनं फिरले त्याला आता दोन लहान कप. बरं. पुतळा तर कुणी उभारणार नव्हतंच.

फोटो पुन्हा हातात घेतला. उजेडात धरला. त्याचे ओठ आणि गाल एकाच रंगाचे आहेत. लोण्याला ओठ नसतात, पोराला असतात. तुझ्या आईला पहिल्याच दिवशी दिसलं होतं आणि मी तिच्या माहेरावर घसरले.

(हे वाक्य त्यांनी दोनदा लिहायला सांगितलं. मी एकदाच लिहिलंय, पण ठळक. — आई)

रडू दे त्याला. रडणारं पोर श्वास घेत असतं. बाटली आजीनं बंद केली असं त्याला सांग, म्हणजे तुझ्याऐवजी माझ्यावर चिडेल. मी लांब आहे, मला परवडतं.

ताप आला की कळव. गुडघ्यांची चौकशी करू नकोस.

तुझी आजी

२६ जुलै

टाचणे,

पत्र नाही. पोस्टमन लांबूनच मान हलवतो, जवळसुद्धा येत नाही. दुकानातून दोनदा फोन लावला, कुणी उचलत नाही. तुझी आई म्हणते, कामात असेल. ती हे मला सांगते की स्वतःला, ते तिलाच माहीत.

चांगलं असो, वाईट असो, लिही. एकाच कागदावर लिही.

आजी

८ ऑगस्ट

आजी, आई,

घरी नव्हतो, म्हणून फोन उचलला नाही. यांनी रजा काढली आणि आम्ही दवाखान्याजवळच्या नणंदेकडे जाऊन राहिलो होतो. लोण्याला ताप भरला होता, आणि मला त्या टेबलाजवळ तो दिवस पुन्हा काढायचा नव्हता.

आधी रक्ताचं सांगते. लोह वर आलंय, जस्तही. अजून पुरतं नाही, पण डॉक्टरीणबाई कागद बघून हसल्या. दाखल करायचं रद्द.

आणि त्याच आठवड्यात ताप. सर्दीचा साधा ताप, पण चढायला लागला तो थांबेचना. मागच्या दोन्ही वेळांपेक्षा वर गेला. हे म्हणाले, तू पड जरा, मी बघतो. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते सतरंजी आणायला उठले. त्याला सतरंजीवर कुशीवर ठेवलं, आजूबाजूचं सगळं टोकदार उचललं, शर्ट घातलाच नाही. दोघं दोन बाजूंना बसलो. एकदा त्याचा हात हलला. मी घड्याळाकडे पाहिलं. आजी, तो माशी हाकलत होता.

ऊन भिंतीवरून खाली आलं, जमिनीवर आलं, आमच्या पायांवर आलं. मग त्याला घाम फुटला, डोळे उघडले, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच. आणि म्हणाला, "अंडं."

झटका आला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, यापुढे कधीच येणार नाही असं समजू नका, सावध राहा. आहेच मी. पण त्या दिवशी आला नाही.

फोटो सोबत आहे. औषधानं दातांवर काळे डाग पडलेत, ते जातील म्हणतात. ओठ बघ.

टाचणी

१७ ऑगस्ट

टाचणे,

फोटो बघितला. काळ्या दातांचा, लाल ओठांचा, कपाळाला आठी घातलेला हा दरोडेखोर कोण? माझ्या ओळखीचं गरीब पोर कुठे गेलं? त्याला आता लोण्या म्हणू नकोस, ते नाव माझ्या दुधाबरोबर परत घेतलं. दुसरं सापडेपर्यंत दरोडेखोरच म्हण. तुझी आई म्हणते, तिच्या भावासारखा दिसतो. दिसू दे. रंग चांगला आहे तिच्या माहेरचा.

(हे मी मनचं लिहिलेलं नाही, त्यांनीच सांगितलं. पोस्टमन साक्षीला होता. — आई)

तुझं पत्र चारदा वाचून घेतलं. पाचव्यांदा तुझ्या आईला म्हटलं, ती एकट्यानं उभी असलेली ओळ कुठली ते दाखव. तिनं माझं बोट धरून कागदावर ठेवलं. तीन शब्द आहेत. पहिला भलताच गिचमिड आहे, तो मला बघायचाच नाही. शेवटचा मात्र सोपा आहे. आता कागद उलटा-सुलटा केला तरी मला सापडतो. तुझ्या आधीच्या सगळ्या पत्रांतही शोधला, तू तो बराच वापरतेस.

म्हणजे म्हातारपणी वाचायला आलं, एकच शब्द का होईना: नाही. आधी आला असता तर सासूबाईंच्या वेळी किती कामाला आला असता!

(मलाही. — आई)

तुझी आजी